पाड्याची वीज, पाड्याची मालकी

सूर्य, वारा, वाहते पाणी किंवा शेण-काडीकचरा यांपासून तयार होणाऱ्या विजेचा संच जेव्हा गावाच्या, पाड्याच्या, सहकारी संस्थेच्या किंवा बचतगटाच्या मालकीचा असतो, तेव्हा त्या व्यवस्थेला सामुदायिक मालकीची अक्षय ऊर्जा म्हणतात. मालकी कागदावर कोणाच्या नावाने आहे, एवढ्याने ती ठरत नाही. विजेचा दर कोण ठरवतो, जमा झालेला पैसा कोणाच्या खात्यात जातो आणि संच बंद पडला तर दुरुस्तीचा निर्णय कोण घेतो, या तीन प्रश्नांची उत्तरे गावातच मिळत असतील तर ती वीज गावाची. सरकारी मदतीचे मोलही याच कसोटीवर जोखावे लागते. भारतात गेल्या काही वर्षांत सौर ऊर्जेसाठी सरकारी पैसा मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाला. त्यातला बहुतांश एकेका घराच्या छपरावर, एकेका शेतकऱ्याच्या पंपावर किंवा कंपनीच्या मोठ्या प्रकल्पावर खर्च होतो. एकटे घर आणि मोठी कंपनी या दोन टोकांच्या मध्ये जो पाडा आहे, त्याच्यापर्यंत काय पोहोचते आणि काय पोहोचायला हवे, हे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांकडे पाहिले की नीट उमगते.

धरणांचा मुलूख, विखुरलेले पाडे

सह्याद्रीच्या पायथ्याला टेकलेले हे दोन तालुके. शहापूरमध्ये भातसा आणि तानसा यांसारखे जलाशय आहेत. तानसा धरण १८९२ पासून मुंबईची तहान भागवते. भातसा धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. अकोले तालुक्याच्या सीमेवर घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. त्याचे वरचे धरण घाटमाथ्यावर आहे आणि खालचे शहापूर तालुक्यात. विजेची मागणी कमी असते तेव्हा पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज निर्माण करायची, असे त्याचे काम चालते. मुरबाडच्या हद्दीलगतचे बारवी धरण औद्योगिक वसाहतींना आणि शहरांना पाणी पुरवते. थोडक्यात, या डोंगररांगेचे पाणी आणि उतार राज्याच्या ऊर्जेच्या व पाण्याच्या नकाशावर फार पूर्वीच नोंदले गेले आहेत.

याच तालुक्यांतले अनेक पाडे मात्र मार्च उलटला की टँकरची वाट पाहतात. पाऊस भरपूर पडतो, पण कातळावरून वाहून जातो. वस्ती विखुरलेली आहे. महादेव कोळी, ठाकूर, वारली आणि कातकरी समाजांचे पाडे एकमेकांपासून दूर, डोंगरउतारावर किंवा जंगलाच्या कडेला वसलेले आहेत. पाच-पंचवीस घरांसाठी जंगलातून खांब न्यायचे, तारा ओढायच्या आणि पावसाळ्यात झाड पडून तार तुटली की वायरमनने चिखलवाट तुडवत तिथे पोहोचायचे, हा खर्चाचा आणि कष्टाचा मामला आहे. तार पोहोचली तरी ओळीच्या शेवटच्या टोकाला विजेचा दाब कमी मिळतो. भातशेती पावसावर चालते. दिवाळीनंतर शेतात काम उरत नाही आणि कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामाला बाहेर पडतात. अशा पाड्यात विजेचा पहिला उपयोग दिव्यासाठी असतो, पण सर्वांत मोठा उपयोग पाण्यासाठी होऊ शकतो. विहिरीचे किंवा ओढ्याचे पाणी वर चढले तर पिण्याची सोय होते, आणि थोडे अधिक चढले तर भाजीचे दुसरे पीक उभे राहते.

कायद्याने दिलेला आधार

सामुदायिक विजेला कायद्याचा आधार लागतो आणि तो भारतात पुरेसा आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने संविधानाला अकरावी अनुसूची जोडली. पंचायतींकडे सोपवण्याच्या २९ विषयांच्या या यादीत ग्रामीण विद्युतीकरण १४ व्या क्रमांकावर आणि अपारंपरिक ऊर्जास्रोत १५ व्या क्रमांकावर आहेत. म्हणजे ग्रामपंचायतीने सौर संचाचा विचार करणे हे तिच्या कामाच्या चौकटीतच बसते.

२००३ चा विद्युत कायदा त्यापुढे जातो. ग्रामीण भागात स्थानिक वितरणाचे काम पंचायतराज संस्था, ग्राहकांचे संघ, सहकारी संस्था आणि स्वयंसेवी संस्था यांच्यामार्फत करता यावे, यासाठी राष्ट्रीय धोरण आखण्याची तरतूद त्यात आहे. राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण क्षेत्रात वीज निर्माण करून तिथेच वाटणाऱ्याला परवान्याची गरज नाही, अशी सवलतही हा कायदा देतो. पाड्याने आपला मायक्रोग्रिड, म्हणजे वस्तीपुरते छोटे वीजजाळे, चालवावे, याला कायद्याचा अडसर नाही.

शहापूर-मुरबाडला आणखी एक बळ आहे. शहापूर हा संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि मुरबाडमधली ७७ गावे या क्षेत्रात आहेत. तिथे अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे पेसा नियम लागू होतात. या नियमांनुसार पाड्याला किंवा पाड्यांच्या समूहाला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येते, म्हणजेच स्वतःची ग्रामसभा मिळवता येते. ग्रामसभेचा स्वतःचा कोषही असू शकतो. मोठ्या ग्रामपंचायतीत पाड्याचा आवाज बुडून जातो. आपल्या ग्रामसभेत तो स्वतःचे ठराव करू शकतो. शिवाय २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो. त्याचा विनियोग ग्रामसभेच्या आराखड्याप्रमाणे व्हायचा असतो.

जंगलालगतच्या पाड्यांना जागेचा प्रश्न सर्वांत आधी अडवतो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये त्यावर वाट आहे. शाळा, अंगणवाडी, पाण्याच्या टाक्या, विजेच्या तारा अशा १३ प्रकारच्या सार्वजनिक सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. त्या यादीत अपारंपरिक ऊर्जेचाही स्पष्ट उल्लेख आहे. एका हेक्टरमागे ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, या त्यासाठीच्या अटी आहेत. दहा-वीस किलोवॉटच्या संचाला काही गुंठे जागा पुरते. त्यामुळे पाड्यासाठी ही तरतूद फार उपयोगाची आहे. तिची माहिती फार थोड्या ग्रामसभांना असते, हे तितकेच खरे.

सरकारी मदतीच्या वाटा

आजच्या योजना चार वाटांनी येतात.

पहिली वाट घराच्या छपराची. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ सुरू झाली. तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असून एक कोटी घरांचे लक्ष्य आहे. दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. महाराष्ट्राने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ योजनेतून त्यात भर घातली. एक किलोवॉटच्या संचासाठी दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला राज्याकडून १७,५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या कमी वापराच्या कुटुंबांना १५,००० रुपये आणि इतर कमी वापराच्या कुटुंबांना १०,००० रुपये मिळतात. पन्नास हजारांच्या संचासाठी दारिद्र्यरेषेखालच्या घराला २,५०० रुपयेच भरावे लागतात. ही मदत उदार आहे, पण ती घराघराला मिळते. त्यासाठी पक्के छप्पर, स्वतःच्या नावावरचे वीजमीटर आणि संच पेलणारी भिंत लागते. कुडाच्या भिंतीच्या घरात ती अडते.

याच योजनेत सामुदायिक विचाराला वाव देणारे दोन भाग आहेत. गृहनिर्माण संस्थांना सामाईक सोयींसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात. प्रत्येक जिल्ह्यात एक आदर्श सौरग्राम निवडून त्याला एक कोटी रुपये द्यायचे, अशीही तरतूद आहे. त्यासाठी गावांमध्ये स्पर्धा होते आणि सर्वाधिक अक्षय ऊर्जा क्षमता उभारणारे गाव जिंकते. मात्र स्पर्धेत उतरायला गावाची लोकसंख्या पाच हजारांहून अधिक असावी लागते. शहापूर-मुरबाडच्या छोट्या गावांना ही अट बाहेर ठेवते. ग्रामपंचायतींना त्यांच्या हद्दीत बसलेल्या प्रत्येक घरगुती संचामागे एक हजार रुपये प्रोत्साहन म्हणून दिले जातात.

दुसरी वाट शेतीची. २०१९ च्या ‘पीएम-कुसुम’ योजनेचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात शेतकरी, शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, पंचायती, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि पाणीवापर संस्था यांना ५०० किलोवॉट ते दोन मेगावॉट क्षमतेचे प्रकल्प उभारून वीज कंपनीला विकता येते. सामुदायिक मालकीला इतक्या स्पष्टपणे जागा देणारी केंद्राची ही महत्त्वाची तरतूद. अडचण भांडवलाची आहे. एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा आणि काही कोटी रुपये लागतात आणि बँक तारणाशिवाय बोलत नाही. दुसरा भाग स्वतंत्र सौर पंपांचा. महाराष्ट्रात त्यासाठी शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्के रक्कम भरावी लागते. तिसरा भाग कृषी फीडरला, म्हणजे शेतपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीला, सौर वीज देण्याचा आहे.

तिसरी वाट राज्याच्या ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजने’ची. २०१७ मध्ये ती सुरू झाली, राळेगणसिद्धीत तिचा सुरुवातीचा प्रकल्प उभा राहिला आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. उपकेंद्राजवळ अर्धा ते पंचवीस मेगावॉटचे प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यायची, हा तिचा उद्देश. खाजगी जागेला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. प्रकल्प ज्या गावात असेल त्या ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपये मिळतात. इथे गावाला भाडे आणि अनुदान मिळते, मालकी मात्र विकासकाकडे राहते. कोकणात कृषी पंप आणि कृषी फीडर देशावरच्या तुलनेत कमी असल्याने शहापूर-मुरबाडला या योजनेचा लाभ मुळातच मर्यादित आहे.

चौथी वाट थेट आदिवासी पाड्यांकडे जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’ अभियानात विशेष दुर्बल आदिवासी समूहांचा समावेश आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे ते समूह. ज्या घरांपर्यंत विजेची तार नेणे परवडत नाही, त्यांना सौर संच देण्यासाठी घरामागे ५०,००० रुपयांपर्यंत आणि बहुउद्देशीय केंद्राच्या सौर संचासाठी एक लाख रुपये अशी तरतूद आहे. घरे जवळजवळ असतील तर वेगवेगळ्या संचांऐवजी एकच मिनीग्रिड उभारायलाही ही योजना परवानगी देते. कातकरी पाड्यांसाठी सामुदायिक मालकीकडे नेणारी सरकारी मदत याच योजनेत सर्वांत जवळ आलेली आहे.

पाण्यासाठी वेगळी व्यवस्था आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेमार्फत राज्यातल्या वाड्या-पाड्यांवर सौर दुहेरी पंपाच्या योजना उभारल्या गेल्या आहेत. एकाच विंधणविहिरीवर हातपंपही राहतो आणि सौर पॅनलवर चालणारा छोटा बुडीत पंपही बसतो. उंचावरच्या टाकीत पाणी चढते आणि नळकोंडाळ्यावर येते. ढगाळ दिवशी हातपंप कामाला येतो. लहान वस्तीसाठी ही साधी आणि शहाणी रचना आहे.

घाटापलीकडची दरेवाडी

मुरबाडहून माळशेज घाट चढला की जुन्नर तालुका लागतो. याच तालुक्यातल्या दरेवाडी या आदिवासी वाडीत २०१२ मध्ये ९.४ किलोवॉटचा सौर मायक्रोग्रिड उभा राहिला. पुण्याच्या ‘ग्राम ऊर्जा’ या संस्थेने तो उभारला आणि भांडवल बॉश सोलर कंपनीकडून आले. ३९ घरांना वीज मिळाली. या प्रकल्पाचे महत्त्व त्याच्या क्षमतेत नसून त्याच्या कारभारात आहे. संच चालवण्यासाठी गावकऱ्यांचा न्यास स्थापन झाला. प्रत्येक घराला मीटर बसला आणि वापरलेल्या युनिटप्रमाणे बिल घेण्याची पद्धत ठरली. त्यातून दैनंदिन खर्च भागवायचा आणि बॅटऱ्या बदलण्यासाठी रक्कम साठवायची, अशी मांडणी होती. उभारणीचे पैसे बाहेरून आले, चालवण्याची जबाबदारी आत राहिली. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांशी भूगोल, समाज आणि वस्तीचा आकार या तिन्ही बाबतींत जुळणारे हे उदाहरण आहे.

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. सुमारे शंभर घरांच्या या गावाने घराघरांवर आणि सार्वजनिक जागांवर सौर संच बसवले. इथे संच घरांच्या नावावर आहेत, पण निर्णय गावाने मिळून घेतला. गावकी एकत्र असली की घरगुती योजनाही सामुदायिक रूप घेते, हे मान्याचीवाडीने दाखवले.

तमिळनाडूतल्या कोइम्बतूर जिल्ह्यातल्या ओडंथुराई ग्रामपंचायतीने २००६ मध्ये स्वतःची ३५० किलोवॉटची पवनचक्की घेतली. पंचायतीची शिल्लक आणि बँकेचे कर्ज यांतून पैसा उभा राहिला. पंचायतीची गरज भागून उरलेली वीज राज्याच्या वीज मंडळाला विकली गेली आणि त्या उत्पन्नातून कर्ज फेडले गेले. ग्रामपंचायत स्वतः वीज उत्पादक होऊ शकते, याचा हा देशातला ठळक दाखला.

गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ मध्ये सौर पंपधारक शेतकऱ्यांची सहकारी मंडळी सुरू झाली. सुरुवातीला तिच्यात सहा शेतकरी होते. शेताला पाणी देऊन उरलेली वीज ते एकत्रितपणे वीज कंपनीला विकतात. वीज विकून पैसे मिळतात म्हटल्यावर भूजलाचा वारेमाप उपसा करण्याचा मोह कमी होतो, हा त्यातला विचार.

सहकारी विजेचा जुना अनुभव

महाराष्ट्राला सहकारी वीज नवीन नाही. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि देशात काही ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. श्रीरामपूर परिसरातली मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था त्यांपैकीच. तिने चार दशके विस्तृत ग्रामीण भागाला वीज पुरवली. पण ती वीज स्वतः निर्माण करत नव्हती. राज्य वीज मंडळाकडून घेऊन सभासदांना वाटत होती. शेतीच्या विजेचा दर, वसुली आणि खरेदीचा खर्च यांचा मेळ बसला नाही, थकबाकी साचत गेली आणि २०११ मध्ये परवाना संपल्यावर वितरण महावितरण या सरकारी वीज कंपनीकडे गेले. त्याच पिढीतली बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरी ग्रामीण वीज सहकारी संस्था मात्र टिकून राहिली. मालकी सभासदांची असली तरी दर खर्चाला धरून ठरला नाही आणि वसुली झाली नाही, तर संस्था तग धरत नाही, हा या इतिहासाचा रोकडा धडा आहे.

जगातले धोरण

परदेशांत सरकारांनी सामुदायिक विजेला दिलेला आधार अनुदानापेक्षा नियमांचा अधिक आहे. जर्मनीने २००० च्या अक्षय ऊर्जा कायद्याने अशा विजेला २० वर्षे ठरावीक दर आणि ग्रिडमध्ये प्राधान्य दिले. उत्पन्नाची खात्री असल्याने गावागावांत ऊर्जा सहकारी संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांना बँकांनी कर्जे दिली. डेन्मार्कच्या २००८ च्या कायद्याने पवनचक्की उभारणाऱ्याला किमान २० टक्के भाग साडेचार किलोमीटर परिसरातल्या रहिवाशांना देऊ करणे बंधनकारक केले. युरोपीय संघाने २०१८ च्या निर्देशात ऊर्जा समुदायांना कायदेशीर ओळख दिली. नेपाळमध्ये १९९६ पासून पर्यायी ऊर्जा प्रवर्धन केंद्र गावांच्या छोट्या जलविद्युत प्रकल्पांना अनुदान आणि तांत्रिक साहाय्य देते.

स्कॉटलंडच्या एग बेटावरचा अनुभव पाड्यांसाठी विशेष बोधक आहे. शंभरेक लोकवस्तीच्या या बेटाने २००८ मध्ये पाणी, वारा आणि सूर्य या तिन्हींवर चालणारे स्वतःचे ग्रिड सुरू केले. प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॉट आणि व्यवसायाला दहा किलोवॉटची मर्यादा सर्वांनी मान्य केली. वीज थोडी असताना ती सर्वांना पुरावी, यासाठी नियम लोकांनीच केला. म्हणून तो पाळलाही जातो.

पाड्यावरचा हिशोब

शहापूर-मुरबाडसाठी तंत्रज्ञानाची निवड निसर्गच मर्यादित करतो. ओढे पावसाळ्यानंतर काही महिन्यांतच आटतात, त्यामुळे जलविद्युत बारमाही मिळत नाही. गुरे असलेल्या घरांना बायोगॅस स्वयंपाकासाठी चांगला, पण पाड्याच्या विजेला तो अपुरा. उरतो सूर्य. एक किलोवॉटचा सौर संच स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण चार युनिट वीज देतो. पावसाळ्यात डोंगर ढगांनी झाकलेले असतात तेव्हा हे उत्पादन बरेच खाली येते. सुदैवाने पाण्याच्या पंपाची गरज उन्हाळ्यात सर्वाधिक असते आणि ऊनही तेव्हाच भरपूर असते. म्हणून पंप आणि पिठाची गिरणी दिवसा थेट उन्हावर चालवायची आणि बॅटरी रात्रीच्या दिव्यांसाठी, पंख्यांसाठी व मोबाइल चार्जिंगसाठी राखायची, ही मांडणी इथे योग्य ठरते. बॅटरीच संचाचा सर्वांत महाग आणि लवकर संपणारा भाग आहे. पॅनल २५ वर्षे टिकतात, साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी पाच-सात वर्षांत बदलावी लागते. गावोगावी बंद पडलेल्या सौर दिव्यांचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

एक ढोबळ उदाहरण घेता येईल. चाळीस घरांच्या पाड्यात दहा किलोवॉटचा संच बसला, तर उन्हाच्या दिवसांत सुमारे चाळीस युनिट, म्हणजे घरटी एक युनिट वीज रोज मिळते. एलईडी दिवे, पंखा आणि मोबाइल यांना ती पुरते. प्रत्येक घराने महिन्याला दीडशे रुपये दिले तर महिन्याला सहा हजार आणि वर्षाला ७२ हजार रुपये जमतात. त्यातून संच सांभाळणाऱ्या स्थानिक तरुणाचे मानधन आणि किरकोळ दुरुस्ती वगळून जे उरते, ते बॅटरीच्या निधीत जायला हवे. हा निधी वेगळ्या खात्यात, दोन-तीन जणांच्या सहीने चालणारा आणि दर ग्रामसभेत वाचून दाखवला जाणारा असावा. वीटभट्टीला गेलेल्या कुटुंबांचे काही महिने बिल येणार नाही, हेही आधीच धरावे लागते. मीटरवर आकारणी आणि त्यासोबत एक लहान स्थिर आकार, अशी दुहेरी पद्धत अशा पाड्यांना सोयीची पडते.

संस्था कोणती निवडावी

मालकीसाठी चार रूपे उपलब्ध आहेत. ग्रामपंचायत स्वतः मालक झाली तर निधी आणि वीजबिलांचे व्यवहार सोपे होतात, पण पदाधिकारी बदलले की लक्ष बदलते. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखालची संस्था सभासदांना समान मत देते, मात्र तिची हिशोबतपासणी आणि निवडणुका नियमित व्हाव्या लागतात. सार्वजनिक न्यास चालवायला हलका असतो आणि देणगी घ्यायला सोयीचा. पेसा क्षेत्रातली ग्रामसभा आपल्या समितीमार्फत आणि कोषामार्फत हे काम करू शकते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांसाठी हे चौथे रूप सर्वांत नैसर्गिक आहे, कारण पाण्याचे, जंगलाचे आणि जमिनीचे निर्णय तिथेच होतात. ‘उमेद’ अभियानातून उभ्या राहिलेल्या महिला बचतगटांकडे वसुली आणि हिशोबाचा हात आधीच तयार आहे. बिल गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे दिले, तर शिस्तही येते आणि पाणी आणण्याचा भार ज्यांच्या डोक्यावर आहे त्या स्त्रियांचा शब्दही निर्णयात वजनदार होतो.

मदतीतल्या उणिवा आणि पुढचे पाऊल

सध्याच्या सरकारी मदतीत चार गोष्टींची भर पडली, तर सामुदायिक मालकी टिकाऊ होईल.

पहिली गोष्ट, देखभालीचा आधार. योजना उभारणीला पैसे देतात आणि ठेकेदाराच्या काही वर्षांच्या देखभालीनंतर संच पाड्याच्या हाती सोडतात. पहिल्या बॅटरीबदलापर्यंत ग्रामसभेने जेवढा निधी साठवला, तेवढीच भर सरकारने घातली तर बचतीला प्रोत्साहन मिळेल. तालुक्याच्या ठिकाणी एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि सुट्या भागांचा साठा असला, तर एका फ्यूजसाठी संच महिनाभर बंद राहणार नाही. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही गावी औद्योगिक प्रशिक्षणाची आणि बाजाराची सोय असल्याने हे अवघड नाही.

दुसरी गोष्ट, तार आल्यानंतरचे संरक्षण. मायक्रोग्रिड असलेल्या पाड्यात पुढे महावितरणची तार पोहोचली की लोक स्वस्त विजेकडे वळतात आणि समुदायाने जपलेला संच बेवारस होतो. उत्तर प्रदेशाने २०१६ च्या मिनीग्रिड धोरणात ३० टक्के अनुदानाबरोबरच अशा प्रसंगी वीज ग्रिडला विकण्याचे किंवा संच वीज कंपनीकडे देण्याचे मार्ग ठरवून दिले. महाराष्ट्रातल्या पाड्यांनाही अशीच खात्री हवी.

तिसरी गोष्ट, सामाईक संचाची वीज अनेक घरांच्या बिलांत वाटून वजा करण्याची सोय. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये अशी आभासी नेट मीटरिंगची पद्धत आखली. ज्यांचे छप्पर संच पेलू शकत नाही, अशा कातकरी किंवा ठाकूर कुटुंबाला समाजमंदिराच्या किंवा शाळेच्या छपरावरच्या संचात वाटा मिळाला, तर घराघरांचे अनुदानही पाड्याच्या मालकीला लागू शकेल.

चौथी गोष्ट, निकषांतला लवचीकपणा. पाच हजार लोकसंख्येच्या अटीऐवजी अनुसूचित क्षेत्रात पाड्यांचा समूह पात्र धरला, तर शहापूरच्या डोळखांब-किन्हवली किंवा मुरबाडच्या टोकावडे-धसई पट्ट्यातली शेजारची गावे एकत्र येऊन अर्ज करू शकतील.

ग्रामसभेच्या बाजूने कामाचा क्रमही स्पष्ट आहे. आधी विजेची गरज मोजायची : किती घरे, किती पाणी, कोणते यंत्र. मग जागा ठरवून, ती वनजमीन असेल तर कलम ३(२) खाली ठराव करायचा. मालकी कोणाची, दर किती, थकबाकी झाल्यास काय, हे संच येण्यापूर्वी लिहून मंजूर करायचे. त्यानंतर जनमन, पेसा निधी, सौर दुहेरी पंप आणि सूर्यघर यांपैकी जे लागू असेल त्याचा मेळ घालून महाऊर्जा ही राज्याची अक्षय ऊर्जा यंत्रणा, महावितरण आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे प्रस्ताव द्यायचा. संच बसताना पाड्यातले दोन तरुण-तरुणी तंत्रज्ञाबरोबर शिकायला बसवायचे आणि पहिल्या महिन्यापासून बॅटरीनिधी वेगळा ठेवायचा. सरकारने पैसा, नियम आणि तंत्रज्ञ पुरवावेत आणि दर, हिशोब व देखरेख पाड्याने सांभाळावी, अशी ही कामाची वाटणी आहे. ती पाळली गेली तर सरकारी योजनेतून बसलेला संच योजनेची मुदत संपल्यावरही चालू राहतो.